ऑरेंज घराण्याचे राजपुत्र आणि सुरतेची डच वखार

प्रस्तावना

सुरतेच्या इतिहासावर लिहिताना मोगल सुभेदार, मराठे, इंग्रज आणि पोर्तुगीज यांची चर्चा पुष्कळ होते. डचांचा उल्लेख मात्र बहुधा व्यापारापुरता असतो. निळीची खरेदी, लवंग-जायफळाची विक्री आणि कतारगामजवळची भव्य थडगी एवढ्यावर हा विषय संपतो. परंतु सुरतेच्या डच वखारीचा शेवट व्यापारातील नफा-तोट्याने ठरला नाही. तो ठरला एका राजघराण्यातील पिता-पुत्रांच्या दोन कागदांनी. पहिला कागद इ.स. १७९५ चा आणि दुसरा इ.स. १८२४ चा. या दोघांपैकी एकानेही सुरत कधी पाहिली नव्हती.

हे घराणे म्हणजे ऑरेंज-नासाऊ. आजचा नेदरलँड्‌सचा राजा याच घराण्यातील आहे. प्रस्तुत लेखात या घराण्याचा थोडक्यात इतिहास सांगून त्याचा सुरतेशी आलेला संबंध तपासला आहे. त्याबरोबरच सुरतेचे नवाब आणि पुण्याचे पेशवे या त्याच काळातील दोन घराण्यांशी त्याची तुलना केली आहे. तिन्ही घराणी मूळची राजांची नव्हती. तिन्ही घराणी दुसऱ्याच्या नावाने कारभार करता करता वंशपरंपरागत सत्ताधारी झाली आणि तिन्ही घराण्यांना एकाच दशकात इंग्रजांच्या आश्रयाला जावे लागले. त्यांपैकी एकच घराणे पुन्हा उभे राहिले. ते का, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

घराण्याचा उगम आणि नायबाचे पद

'ऑरेंज' या नावाचा संत्र्याच्या फळाशी मूळ संबंध नाही. दक्षिण फ्रान्समधील एका लहान संस्थानाचे ते नाव आहे. नारिंगी रंग हे घराण्याचे चिन्ह झाले ते नंतर, नावाच्या साम्यामुळे. 'नासाऊ' हा जर्मनीतील लान नदीकाठचा प्रदेश. इ.स. १५४४ मध्ये ऑरेंजचा राजपुत्र रने हा युद्धात मारला गेला. त्याला औरस संतती नसल्याने संस्थान चुलतभाऊ विल्यम याच्याकडे गेले. विल्यम तेव्हा अकरा वर्षांचा होता. या वारशामुळे जर्मन नासाऊ, फ्रेंच ऑरेंज आणि नेदरलँड्‌समधील मोठी जहागीर एका हाती आली.

नेदरलँड्‌स तेव्हा स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होते. राजा स्वतः प्रत्येक प्रांतात राहू शकत नसे, म्हणून तो आपला प्रतिनिधी नेमी. या अधिकाऱ्यास 'स्टॅडहोल्डर' म्हणत. आपल्याकडील 'नायब' हा शब्द या पदाला चपखल लागू पडतो. इ.स. १५५९ मध्ये विल्यम हा हॉलंड, झीलंड आणि उट्रेख्त या प्रांतांचा स्टॅडहोल्डर झाला. पुढे धर्माच्या नावाने होणारा छळ आणि करांचा बोजा यांमुळे प्रांतांनी स्पेनविरुद्ध बंड केले तेव्हा या बंडाचे नेतृत्व राजाच्याच नायबाने केले. इ.स. १५८४ मध्ये डेल्फ्ट येथे विल्यमचा खून झाला.

बंडातून जे राज्य जन्माला आले ते प्रजासत्ताक होते. सार्वभौम सत्ता प्रांतांच्या सभांकडे आली. राजा राहिला नाही, पण नायबाचे पद मात्र राहिले. प्रांतिक सभा हे पद देत आणि बहुधा ते ऑरेंज घराण्यातील पुरुषालाच देत. विल्यमनंतर त्याचा मुलगा मॉरिस, त्यानंतर मॉरिसचा सावत्र भाऊ फ्रेडरिक हेन्री आणि पुढे त्याचा मुलगा विल्यम दुसरा असा हा क्रम चालला. इ.स. १६५० मध्ये विल्यम दुसरा देवीच्या आजाराने वारला आणि आठच दिवसांनी त्याचा मुलगा जन्मला. तान्ह्या मुलाला सेनापती कसे करणार? बहुतेक प्रांतांनी पुढील बावीस वर्षे स्टॅडहोल्डर नेमलाच नाही. घराणे कितीही प्रतिष्ठित असले तरी पद जनसभेच्या मर्जीवर होते, हे यावरून स्पष्ट होते.

पूर्वेकडील दरबारांत 'वलंदेजांचा राजा'

जुन्या मराठी कागदपत्रांत डचांना 'वलंदेज' म्हटले आहे. २० मार्च १६०२ रोजी त्यांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. पूर्वेकडील दरबारांत या कंपनीसमोर एक अडचण उभी राहिली. तुमचा राजा कोण, असे विचारल्यावर काय सांगावे? राजा नसलेल्या राज्याची कल्पना त्या काळी आशियात, आणि युरोपातही, बहुतेकांना अपरिचित होती. डचांनी यावर व्यवहारी तोड काढली. त्यांनी अनेक ठिकाणी ऑरेंजच्या राजपुत्रालाच राजासारखे पुढे केले. पूर्वेकडील राजांना मॉरिसच्या नावाने पत्रे गेली आणि त्यांची उत्तरेही त्याच्याच नावाने आली.

या संदर्भात सुमात्रा बेटावरील अचेह सल्तनतीचा दाखला महत्त्वाचा आहे. सुलतान अलाउद्दीन रिआयत शाह याने पाठविलेले वकील इ.स. १६०२ मध्ये नेदरलँड्‌सला पोहोचले. त्यांचे ज्येष्ठ प्रमुख अब्दुल हमीद हे मिडलबर्ग शहरी वारले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. उरलेल्या वकिलांची भेट मॉरिसने ग्राव्ह येथील लष्करी छावणीत घेतली. इ.स. १६१० मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाशी मैत्रीचा व व्यापाराचा तह झाला आणि इ.स. १६१२ मध्ये उस्मानी सुलतानाने डचांना व्यापारी सवलती दिल्या. स्पेनशी झगडणाऱ्या या लहान राष्ट्राला मुस्लिम सत्तांशी मैत्री हवी होती. युरोप आणि इस्लामी जग यांचा संबंध नेहमी केवळ संघर्षाचाच होता, हा समज या घटनांवरून तपासून पाहावा लागतो.

सुरतेची वखार

सुरतेत पाय रोवण्याचा डचांचा पहिला प्रयत्न फसला. डेव्हिड व्हान डेनसेन या व्यापाऱ्याला पोर्तुगीजांनी इतके हैराण केले की, इ.स. १६०७ मध्ये त्याने बुऱ्हाणपूर येथे आत्महत्या केली. पुढे इ.स. १६१६ मध्ये पीटर व्हान डेन ब्रूक सुरतेस आला. गुजरातचा कारभार तेव्हा शहजादा खुर्रम, म्हणजे पुढील सम्राट शाहजहान, याच्याकडे सोपविला जाण्याच्या बेतात होता आणि इ.स. १६१८ मध्ये त्याच्याकडूनच डचांना व्यापाराची परवानगी मिळाली. सुरतेच्या हाताखाली अहमदाबाद, भरूच, बुऱ्हाणपूर आणि आग्रा येथे वखारी उभ्या राहिल्या. कोकणात वेंगुर्ला येथे आदिलशाहीच्या परवानगीने इ.स. १६३७ मध्ये वखार झाली. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच गलबतांना तिचा उपयोग होई. तिचे अवशेष वेंगुर्ल्यात आजही पाहावयास मिळतात.

सुरतेहून निळ आणि सुती कापड जाई. लवंग, जायफळ, जायपत्री आणि जपानचे तांबे येई. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा डच आणि इंग्रज यांनी आपापल्या वखारींचा बचाव केला. त्या वेळी डचांचा प्रमुख डर्क व्हान आड्रिखेम होता. त्यानेच इ.स. १६६२ मध्ये औरंगजेबाच्या दरबारातून फर्मान मिळविले होते. पुढे सुरतेचा डच प्रमुख झालेल्या जोहान जोशुआ केटलार याने इ.स. १६९८ च्या सुमारास डच भाषेत हिंदुस्तानीचे व्याकरण लिहिले होते. हिंदुस्तानीच्या ज्ञात व्याकरणांत ते सर्वांत जुने मानले जाते.

विल्यम तिसरा आणि पन्हाळ्याची भेट

जन्मतः पितृहीन असलेला विल्यम तिसरा इ.स. १६७२ मध्ये फ्रेंच आक्रमणाच्या धामधुमीत स्टॅडहोल्डर झाला. त्याची आई इंग्लंडच्या राजाची कन्या होती आणि पत्नी मेरी हीसुद्धा त्याच राजकुळातील. इ.स. १६८९ मध्ये दोघांना इंग्लंडचे सिंहासन मिळाले. हॉलंडमध्ये नायब आणि इंग्लंडमध्ये राजा अशी एकाच पुरुषाची दुहेरी स्थिती झाली. सुरतेत मात्र दोन्ही राष्ट्रांच्या वखारींतील स्पर्धा पूर्वीप्रमाणेच चालू राहिली.

सुरत हे हज यात्रेचे बंदर होते. त्यास 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचे द्वार, म्हणत. इ.स. १६९५ मध्ये यात्रेकरूंना घेऊन परतणारे 'गंज-ई-सवाई' हे बादशाही जहाज इंग्रज चाच्यांनी लुटले. त्यामुळे औरंगजेबाने युरोपीय कंपन्यांना यात्रेच्या जहाजांच्या संरक्षणाची जबाबदारी घ्यावयास लावले. तांबड्या समुद्राकडील वाटेची राखण डचांकडे आली.

याच पार्श्वभूमीवर विल्यम तिसऱ्याने इंग्लंडचा राजा या नात्याने सर विल्यम नॉरिस याला औरंगजेबाकडे वकील म्हणून पाठविले. इंग्रजांच्या नव्या कंपनीला सवलती मिळवून देणे हा त्याचा हेतू होता. नॉरिस जानेवारी १७०१ मध्ये सुरतेहून निघाला आणि एप्रिलमध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातील मोगल छावणीत बादशहास भेटला. समुद्रावरील चाच्यांचा पूर्ण बंदोबस्त करण्याची हमी बादशहा मागत होता. ती देणे नॉरिसला शक्य झाले नाही आणि वकिलात फुकट गेली. परतीच्या प्रवासात इ.स. १७०२ मध्ये नॉरिस समुद्रावरच वारला. त्याच वर्षी त्याचा राजाही निपुत्रिक मरण पावला. कोल्हापूरजवळच्या एका किल्ल्याच्या पायथ्याशी ऑरेंजच्या राजपुत्राचा वकील बादशहासमोर उभा होता, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

नायब वंशपरंपरागत होतो : हेग, सुरत आणि पुणे

विल्यम तिसऱ्यानंतर मूळ शाखा खुंटली. वारसा नासाऊच्या दुसऱ्या शाखेतील जॉन विल्यम फ्रिसो याच्याकडे आला. पण तो इ.स. १७११ मध्ये नदी ओलांडताना बुडाला. त्याचा मुलगा विल्यम चौथा हाही पित्याच्या मृत्यूनंतर जन्मला. मूळ ऑरेंज संस्थान तर इ.स. १७१३ च्या तहाने फ्रान्सकडे गेले होते. घराण्याकडे फक्त नाव उरले होते. तरीही इ.स. १७४७ मध्ये फ्रेंच सैन्य सीमेवर येताच लोकांनी पुन्हा याच घराण्याला हाक मारली. विल्यम चौथा सर्व प्रांतांचा स्टॅडहोल्डर झाला आणि हे पद पुरुष व स्त्री अशा दोन्ही वारसांसाठी वंशपरंपरागत ठरले. इ.स. १७४९ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वोच्च संचालकही झाला. सुरतेच्या वखारीवर ऑरेंज घराण्याचा औपचारिक अधिकार सुरू झाला तो येथून.

आपल्याकडील घटनाक्रम याच काळाशी जुळतो. सुरतेचा कारभारी 'मुतसद्दी' हा बादशहाने नेमलेला अधिकारी असे. मोगल सत्ता ढिली पडल्यावर इ.स. १७३३ मध्ये तेगबख्तखान सुरतेचा स्वतंत्र नवाब झाला आणि पद घराण्यात राहू लागले. इ.स. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यास पेशवेपद दिले. तेही वंशपरंपरागत झाले. बादशहाचा मुतसद्दी, छत्रपतींचा पेशवा आणि प्रांतिक सभांचा स्टॅडहोल्डर हे तिघेही दुसऱ्याच्या नावाने राज्य करणारे नायब होते. अशा सत्तेचे एक दुखणे असते. मालक दुबळा असेपर्यंत नायब बलवान दिसतो. पण स्वतः संकटात सापडला की त्याला टेकण्यासाठी नवा मालक शोधावा लागतो.

सुरतेचे तीन कागद

विल्यम पाचवा वयाच्या तिसऱ्या वर्षी पदावर आला. तो मोठा झाला तेव्हा देशात त्याच्या विरोधी पक्षाने जोर धरला होता. इ.स. १७८० ते १७८४ च्या इंग्रज-डच युद्धात इंग्रजांनी सुरतेची वखार एकदा घेतली आणि परत दिली. इ.स. १७८७ मध्ये मेहुणा असलेल्या प्रशियाच्या राजाच्या फौजेने विल्यमची सत्ता सावरली. जानेवारी १७९५ मध्ये फ्रेंच क्रांतिकारी सैन्य गोठलेल्या नद्या ओलांडून आत शिरले तेव्हा तो एका मासेमारी होडीतून इंग्लंडला पळाला. राजा जॉर्ज तिसरा हा त्याचा सख्खा मामेभाऊ. त्याने विल्यमची लंडनजवळ क्यू येथे राहण्याची सोय केली.

७ फेब्रुवारी १७९५ रोजी विल्यमने तेथूनच डच वसाहतींच्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठविली. ब्रिटिश फौजा व जहाजे यांना मित्र समजून आत घ्यावे, म्हणजे वसाहती फ्रेंचांच्या हाती पडणार नाहीत, अशी त्यांतील आज्ञा होती. देश मुक्त झाल्यावर वसाहती परत मिळतील, असे इंग्रजांचे आश्वासन होते. मलाक्कासारख्या ठिकाणी पत्रामुळे काम सोपे झाले. कोचीन आणि श्रीलंका येथे मात्र इंग्रजांना बळ वापरावे लागले. सुरतेची वखार इ.स. १७९५ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात गेली. १७९९ च्या अखेरीस डच कंपनीही बरखास्त झाली.

सुरतेचा हा पहिला कागद. दुसरा कागद मे १८०० चा. सुरतेचा किल्ला इंग्रजांनी इ.स. १७५९ मध्येच घेतला होता. आता नवाब नसीरुद्दीन याने तहाने शहराचा सारा कारभार कंपनीला सोपविला आणि आपल्यासाठी व वारसांसाठी वार्षिक नेमणूक स्वीकारली. तिसरा कागद ३१ डिसेंबर १८०२ चा, म्हणजे वसईचा तह. होळकरांपुढे पराभूत होऊन इंग्रजांच्या आश्रयास गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाने इतर गोष्टींबरोबर सुरत शहरावरील आपले हक्कही सोडले.

आठ वर्षांच्या आत तीन नायबांनी एकाच शहरावरील आपापले हक्क एकाच सत्तेला लिहून दिले. सुरत पूर्णपणे इंग्रजांची झाली ती या तीन कागदांमुळे.

पुत्राची सही

विल्यम पाचवा इ.स. १८०६ मध्ये जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे निर्वासित म्हणूनच वारला. परंतु नेपोलियनचा पाडाव होऊ लागताच ३० नोव्हेंबर १८१३ रोजी त्याचा मुलगा विल्यम फ्रेडरिक हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि १८१५ मध्ये विल्यम पहिला या नावाने राजा झाला. नायबाचे घराणे अडीचशे वर्षांनी राजाचे घराणे झाले.

या यशाचे कारण वंशाच्या थोरवीत शोधता येत नाही. फ्रान्सच्या उत्तरेस एक मजबूत राज्य असावे, अशी इंग्लंडची गरज होती. त्यासाठी हे घराणे उपयोगी होते. शिवाय डच जनतेच्या मोठ्या भागालाही परक्या सत्तेनंतर हेच घराणे आपले वाटले. सुरतेच्या नवाबाची किंवा पेशव्याची इंग्रजांना अशी गरज उरली नव्हती. हिंदुस्थानात त्यांची जागा इंग्रजांना स्वतःलाच हवी होती.

इ.स. १८१४ च्या तहानुसार इतर काही वसाहतींबरोबर सुरतेची वखारही डचांना परत देण्याचे ठरले आणि १८१८ मध्ये तेथे पुन्हा डच निशाण लागले. पण व्यापार केव्हाच मुंबईकडे सरकला होता. १७ मार्च १८२४ रोजी लंडन येथे विल्यम पहिल्याच्या वतीने झालेल्या तहाने डचांनी हिंदुस्थानच्या भूमीवरील सर्व ठाणी इंग्रजांना दिली. मोबदल्यात सुमात्रातील बेंकुलेन त्यांना मिळाले. १८२५ मध्ये सुरतेचा ताबा कायमचा गेला. पित्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू पुत्राने सौद्यात देऊन टाकली. वखारीत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या दलाल, दुभाषी आणि विणकरांचे मत यात कोणी घेतले नाही.

मुलीचा वारसा

वारशाच्या प्रश्नावर ही तुलना अधिक बोलकी होते. इ.स. १८४२ मध्ये सुरतेचा नवाब मीर अफजलुद्दीन वारला. मागे मुलगी होती, मुलगा नव्हता. कंपनी सरकारने नवाब ही पदवी आणि नेमणूक संपल्याचे ठरविले. १८०० च्या तहात 'वारस' हा शब्द होता आणि इस्लामी कायद्याप्रमाणे मुलगी ही वारस असतेच. नवाबाचे जावई मीर जाफर अली खान हा दावा घेऊन १८४४ मध्ये लंडनला गेले. त्यांच्याबरोबर मुन्शी लुत्फुल्लाह होते. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १८५७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. इ.स. १८५६ मध्ये हे प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचले. नवाबी मात्र परत आली नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. इ.स. १८९० मध्ये नेदरलँड्‌सचा राजा विल्यम तिसरा मरण पावला. त्याचे तिन्ही पुत्र आधीच वारले होते. मागे दहा वर्षांची मुलगी विल्हेल्मिना होती. ती राणी झाली. तिच्यानंतर १९४८ मध्ये ज्युलियाना आणि १९८० मध्ये बेआट्रिक्स अशा सलग तीन राण्या झाल्या. इ.स. २०१३ पासून विल्यम-अलेक्झांडर राजा आहेत. त्यांना तीन मुली असून ज्येष्ठ कन्या कॅथरिना-अमालिया युवराज्ञी आहेत. राजे विल्यम-अलेक्झांडर ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतभेटीवर आले तेव्हा दिल्ली, मुंबई आणि केरळ येथे गेले.

ज्या कायद्याने मुलीला वारस मानले त्या कायद्याच्या घराण्याची नवाबी मुलगा नाही म्हणून बुडाली आणि युरोपातील घराणे मुलीमुळे तगले. दोन्ही ठिकाणी मुलगी होती. फरक एवढाच की, एकीकडे वारस कोण हे ठरविण्याचा अधिकार स्वतःच्या राष्ट्राच्या राज्यघटनेकडे होता आणि दुसरीकडे तो परक्या कंपनीच्या कचेरीकडे गेला होता.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. सुरतेच्या डच वखारीचा शेवट ही केवळ व्यापारी घटना नसून ती ऑरेंज घराण्याच्या इतिहासाचा भाग आहे. १७९५, १८०० आणि १८०२ या तीन कागदांचा एकत्र विचार केल्याशिवाय सुरतेवरील इंग्रजी सत्तेचे पूर्ण चित्र मिळत नाही. घराण्यांचे तगणे आणि बुडणे हे रक्तापेक्षा त्यांच्या पाठीशी कोणती जनता व कोणती संस्था उभी आहे यावर अवलंबून असते.

सुरतेच्या डच दफनभूमीत हेन्ड्रिक व्हान रीड याची भव्य कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हा अधिकारी इ.स. १६९१ मध्ये मुंबईजवळ समुद्रात वारला. ही दफनभूमी भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिची दालने, घुमट आणि कमानी यांवर येथील मुस्लिम मकबऱ्यांच्या बांधणीची छाप सहज ओळखू येते. सुरतेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी नवाबांचे फारसी कागद, पेशवे दफ्तरातील मोडी कागद आणि डच कंपनीची पत्रे ही तिन्ही साधने एकत्र वाचण्याची आवश्यकता आहे. एका भाषेतील कागदांवरून सुरतेचा इतिहास पुरा होणार नाही.